सेवेतील शिक्षकांसाठी एम.एस्सी. (भौतिकशास्त्र): मुक्त व दूरस्थ शिक्षण

थोडक्यात

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना नोकरी न सोडता भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) हा अभ्यासक्रम चालवते. मात्र पात्रता, मान्यता आणि परवानगी या तीन बाबी प्रवेशापूर्वीच तपासाव्यात. त्रुटी नंतर लक्षात आल्यास वर्षे वाया जातात.

कोण अर्ज करू शकतात?

• भौतिकशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. झालेले, किंवा
• भौतिकशास्त्र व गणित हे दोन्ही प्रमुख विषय घेऊन बी.एस्सी. झालेले.

रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राचे पदवीधर शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असले, तरी केवळ अध्यापनाचा अनुभव किंवा बी.एड. यांच्या आधारे पात्र ठरत नाहीत.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

• एकूण श्रेयांक: ८०
• कालावधी: किमान २ वर्षे, कमाल ४ वर्षे
• सत्रांत परीक्षा: जून व डिसेंबर

इग्नूमध्ये १ श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. त्यानुसार एकूण २,४०० तास होतात. दोन वर्षांत पूर्ण करायचे तर आठवड्याला सुमारे २३ तास, चार वर्षांत सुमारे १२ तास द्यावे लागतात. शाळा सांभाळून शिकणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

प्रात्यक्षिके घरी करता येत नाहीत. नेमून दिलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष हजेरी अनिवार्य असते. प्रत्येक अभ्यास केंद्रावर हा विषय असतोच असे नाही, म्हणून जवळचे केंद्र कोणते, हे प्रादेशिक केंद्राकडून (महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, गोव्यात पणजी) जाणून घ्यावे.

प्रवेशापूर्वी तपासा

१. मान्यता: अन्य विद्यापीठ निवडल्यास, त्या अभ्यासक्रमाला त्या शैक्षणिक सत्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या यादीत पाहावे.
२. परवानगी: नियुक्ती प्राधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी किंवा ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे व त्याची प्रत जपून ठेवावी.
३. रजा: प्रात्यक्षिके व परीक्षांच्या दिवसांसाठी मुख्याध्यापकांशी आधीच बोलून नियोजन करावे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते का?
होय. आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार, मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी पारंपरिक पद्धतीच्या पदवीशी समकक्ष मानली जाते.

पदवी मिळताच पदोन्नती मिळते का?
नाही. पदवीमुळे केवळ पात्रता मिळते. उदाहरणार्थ, केंद्रीय विद्यालयांत पदव्युत्तर शिक्षक (भौतिकशास्त्र) पदासाठी किमान ५० टक्के गुणांसह संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी तसेच बी.एड. लागते, निवड रिक्त पदे व भरती नियमांनुसार होते.

अभ्यास रजा मिळू शकते का?
केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ लागू असलेल्यांना साधारणपणे ५ वर्षांच्या सेवेनंतर, एका वेळी कमाल १२ महिने व संपूर्ण सेवेत २४ महिने अभ्यास रजा मंजूर होऊ शकते. त्यासाठी बंधपत्र द्यावे लागते. ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही. राज्य शासन, जिल्हा परिषद व अनुदानित शाळांतील शिक्षकांनी आपल्याला लागू असलेले रजा नियम पाहावेत.