तट्टाच्या पाठीवरचे पांढरे डाग

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल माथेरानला गेली होती. दस्तुरी नाक्यावर घोड्यांची रांग उभी होती. खोगीर उतरवलेल्या एका तपकिरी तट्टापाशी सातवीतली एक मुलगी थांबली. "सर, याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके कसे? जन्मापासूनचे आहेत?" मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात घोडेवाले चाचाच म्हणाले, "नाही बेटा. आधीच्या मालकाचं खोगीर याच्या मापाचं नव्हतं."

चाचांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. खोगिराचा दाब एकाच जागी पडत राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो, कातडी मरते आणि केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशीही मरतात. जखम भरली तरी त्या जागी केस पांढरेच उगवतात.

इतिहासाची पुस्तकं घोड्याच्या अंगावरचा एकच दाग सांगतात, तो म्हणजे सरकारी. अल्लाउद्दीन खिलजीने घोडे डागण्याची पद्धत कडक राबवली. अकबराने १५७३-७४ च्या सुमारास ती पुन्हा लागू केली, कारण हजेरीच्या दिवशी उसनी तट्टं आणून चांगल्या घोड्याचा पगार उचलण्याची लबाडी सर्रास चालत असे. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फज्लने शाही पागेचा बारीकसारीक हिशेब दिला आहे. खास घोडा मेला तर दारोग्याने त्याच्या खरेदीच्या दर मोहरेमागे एक रुपया भरायचा आणि मोतद्दारांचा पाव पगार कापायचा, असा नियम होता. म्हणजे घोड्याच्या जिवाची किंमत सगळ्यात गरीब माणसाच्या ताटातूनही वसूल होत होती. पाठीवरच्या पांढऱ्या डागांची हजेरी मात्र कुणी घेतली नाही.

आता 'खोगीर' या शब्दाकडे पाहू. (भाषेचा मास्तर असल्याने हा मोह मला आवरत नाही.) फारसीत 'खूय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे घेणारा. घाम टिपणारी, पाठीवर घालायची गादी, ते खोगीर. जीन, लगाम, तंग, रिकीब, दुमची हे सगळे शब्द त्याच वाटेने मराठीत आले. उलट घोड्याच्या वैद्याला उर्दूत 'सालोत्री' म्हणतात आणि तो शब्द संस्कृतातल्या शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आला. खोगीर तिकडून आलं, वैद्य इकडून गेला! रेख्तीसाठी ओळखले जाणारे उर्दू शायर सआदत यार खान 'रंगीन' यांनीही घोड्यांवर 'फरसनामा' लिहिला आहे. १९११ साली त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. आमच्या उर्दूच्या वर्गात रंगीन यांची रेख्ती येते, त्यांचा घोडा कधी येत नाही.

मराठीने खोगिराला एक वाक्प्रचारही दिला, 'खोगीरभरती'. गादीत हाताला येतील त्या चिंध्या कोंबायच्या, म्हणून निरुपयोगी भरणा. आपण तो सभा-संमेलनांतल्या भाषणांसाठी वापरतो. पण तट्टासाठी ती थट्टा नव्हती. भरणीत एक गाठ राहिली तरी स्वाराचं सगळं वजन त्या गाठीवर येतं. खोगीर कण्यावर टेकता कामा नये. कण्याच्या दोन्ही अंगांच्या मांसल भागावर वजन पसरलं पाहिजे आणि मधून वारा खेळला पाहिजे.

तट्टाच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं. त्याचं पोट गोल, पाठ आखूड आणि मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या मधला उंचवटा बेताचा. मोठ्या घोड्याचं खोगीर त्याच्यावर घातलं की ते मागे कमरेपर्यंत जातं, नाहीतर फिरतं. फिरू नये म्हणून तंग आवळायचा, मग तंगाखालची कातडी सोलवटते. डोंगरवाटेवर तर उतारावर खोगीर खांद्यावर येतं. म्हणून शेपटीखालून दुमची लावायची आणि तीही घासते.

दख्खनमध्ये चौल-दाभोळच्या बंदरांत अरबी घोडे उतरत, पण ते श्रीमंतांचे. साध्या स्वाराखाली असायचं ते भीमेच्या खोऱ्यातलं काटक तट्टू, ज्याचा मान आज आपल्या राज्यगीतात आहे. शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा, बारगिराला सरकारी घोडा मिळायचा. 'बारगीर' म्हणजेही ओझं घेणारा, शेपूट तेच 'गीर'. फारसीत हा शब्द ओझ्याच्या जनावरालाही लावतात. माझा अंदाज असा की, स्वतःचं जनावर असलेला शिलेदार रात्री त्याच्या पाठीवरून हात फिरवत असेल. बारगिराचं सांगता येत नाही.

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र रयतेच्या काळजीसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याचा मोठा भाग दाणावैरणीचा आहे. आत्ताच उधळपट्टी केलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्याचा दोष तुमच्यावर येईल, असं त्यात बजावलं आहे. हा खोगिराचाही प्रश्न आहे. उपाशी घोड्याच्या पाठीवरचं मांस उतरतं आणि दिवाळीत नीट बसणारं खोगीर श्रावणात कण्यावर टेकतं.

इंग्रजांच्या लष्कराला हे कळत नव्हतं असं नाही. हिंदुस्थानात नोकरी केलेले पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी १८९१ साली खोगीर आणि जखमी पाठी या विषयावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. घोडदळात एक रीतही होती. मुक्कामी पोचल्यावर खोगीर लगेच काढायचं नाही. तंग सैल करून थोडा वेळ तसंच ठेवायचं, नाहीतर दाबलेल्या जागी एकदम रक्त येऊन सूज धरते.

परतताना तेच चाचा भेटले. एका पाहुण्याला सोडून आले होते. त्यांनी तंग दोन घरं सैल केला, दुमची सोडली, पण खोगीर तसंच ठेवलं आणि बाजूला बसून बिडी काढली. "काढत का नाही?" त्याच मुलीने विचारलं. "पाठ निवू दे," चाचा म्हणाले. मग माझ्या पोटाकडे बघून हसले, "आणि सर, तुम्ही मात्र चालतच जा."