रेल्वेने देवदर्शनास येणाऱ्या कुळावी व भाविकांसाठी : गाडी कोणती निवडावी?



पेडणे व डिचोली या दोन्ही महालांतील देवस्थानांचे कुळावी मोठ्या संख्येने मुंबई, ठाणे, पुणे व कोकणपट्टीत वास्तव्य करून आहेत. जत्रा, पालखी, कौलप्रसाद अथवा वार्षिक कुळाचार यांसाठी येताना कोणत्या गाडीने यावे, अशी विचारणा देवस्थानच्या कार्यालयाकडे वारंवार होत असते. ही माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध व्हावी, या हेतूने हा लेख देत आहोत.

एकेरी मार्ग आणि विलंब

रोह्यापासून कर्नाटकातील ठोकूरपर्यंत सुमारे ७४१ किलोमीटर लांबीचा कोकण रेल्वे मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वाने सुरू झाला. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला व २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. तथापि उर्वरित मार्ग बहुतांशी एकेरीच आहे. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला स्थानकातील बाजूच्या रुळावर थांबावे लागते. मागून वेगवान गाडी येत असल्यास तिलाही वाट द्यावी लागते. अशा वेळी थांबण्याची पाळी प्रायः पॅसेंजर गाडीवर येते. म्हणून एकदा पंधरा मिनिटे मागे पडलेली पॅसेंजर पुढील प्रत्येक क्रॉसिंगला आणखी मागे पडत जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात काही मोकळा वेळ राखलेला असतो. त्यामुळे मडगावला वेळेवर पोहोचलेली गाडी पेडणे किंवा थिवी येथे मात्र उशिरा आलेली असू शकते. "गाडी वेळेवर असते" असे कोणी सांगितल्यास, ती कोणत्या स्थानकावर वेळेवर असते हे अवश्य विचारावे.

उतरावयाचे स्थानक

पेडणे महालात पेडणे हे स्थानक आहे. परंतु सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत. डिचोली महालात रेल्वे स्थानक नाही. डिचोली, मुळगाव, शिरगाव, मये, साखळी या भागांत येणाऱ्यांस बार्देशातील थिवी हे स्थानक सोयीचे असून तेथून अस्नोड्यामार्गे रस्ता आहे. नार्वे येथील श्री सप्तकोटेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्यांस करमळी स्थानकावर उतरून जुने गोवे, दिवाडी व तेथून फेरीबोटीने नार्वे असाही मार्ग घेता येतो. मात्र सोबत वृद्ध मंडळी व सामान असल्यास थिवीहून वाहनाने जाणेच इष्ट.

बेळगाव भागातील भाविकांनी रेल्वेचा आग्रह धरू नये. लोंढा, कुळे, मडगाव असा वळसा घेण्यापेक्षा चोर्ला घाटातून साखळीस येणारा रस्ता जवळचा आहे.

गाड्यांचा तौलनिक विचार

दिवा–सावंतवाडी ही गाडी बहुतेक सर्व स्थानकांवर थांबते. भाडे अल्प असल्याने व वाटेतील लहान गावांतून चढता येत असल्याने कोकणातील भाविकांस ती उपकारक आहे. परंतु दिवसभर बसून प्रवास करावा लागतो व ती गोव्यात येत नाही. सावंतवाडी रोड स्थानक मळगाव येथे, शहरापासून काही किलोमीटर दूर आहे. सायंकाळी तेथे उतरल्यावर पुढील गाडी जुळेलच असे गृहीत धरू नये.

सावंतवाडी–मडगाव पॅसेंजर सिंधुदुर्गातील व गोव्यातील भाविकांस उपयुक्त आहे. अंतर थोडे असल्याने आसनांच्या सोयीचा प्रश्न फारसा येत नाही. परंतु नेमक्या वेळेच्या विधीसाठी याच गाडीवर विसंबणे आम्हांस योग्य वाटत नाही.

मुंबईहून सकाळी निघणारी मांडवी एक्सप्रेस सायंकाळी पेडणे व थिवीस येते. खानपानाची सोय व उघड्या खिडकीतून दिसणारा कोकण यांमुळे ती कुटुंबासह येणाऱ्यांची आवडती आहे. रात्री निघणारी कोकणकन्या सकाळी पोहोचते. झोपून प्रवास होत असल्याने ज्येष्ठांस ती सर्वांत सुखाची होय. जनशताब्दी व जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत या गाड्या जलद असून थिवीस थांबतात; मात्र त्या केवळ बसण्याच्या आहेत, व वंदे भारत पेडण्यास थांबत नाही. पाठीचा अथवा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वाचणारे तास आणि सतत बसून राहण्याचे कष्ट यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा.

परतीच्या प्रवासासाठी मडगावहून सुटणाऱ्या गाड्या निवडाव्यात. त्या थोडेच अंतर कापून थिवी, पेडण्यास येत असल्याने विलंबाची शक्यता कमी. केरळ व मंगळुरूकडून येणाऱ्या गाड्या मागचा उशीर सोबत घेऊन येऊ शकतात.

पावसाळ्यातील प्रवास

पावसाळ्यात दरडींच्या भयाने गाड्यांचा वेग कमी केला जातो व स्वतंत्र वेळापत्रक लागू होते. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर या काळात होते. मदुरे व पेडणे या स्थानकांदरम्यानच्या बोगद्यात ऑगस्ट २०२० मध्ये भिंत कोसळल्याने, तर जुलै २०२४ मध्ये पाणी शिरल्याने वाहतूक बंद पडली होती. म्हणून श्रावणातील अनुष्ठाने व गणेशचतुर्थीसाठी येताना एक पूर्ण दिवस हाती ठेवावा. पेडण्याची पुनव कोजागरीस येते. तेव्हाही पावसाळी वेळापत्रक चालू असण्याचा संभव असतो.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मुंबईतील एक कुळावी कुटुंब ऐंशी वर्षांच्या मातोश्रींना घेऊन पालखीसाठी आले. सायंकाळी पोहोचून रात्रीची पालखी गाठावी असा त्यांचा बेत होता. वाटेत दोन-तीन क्रॉसिंगे लांबली, पुढील वाहन मिळण्यास वेळ लागला, आणि मंडळी आवारात आली तेव्हा पालखी गर्भागारात परतून दरवाजा बंद झाला होता. त्या माउलीने बाहेरूनच हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झाले, पण पालखी पाहण्याची त्यांची इच्छा राहून गेली. पुढील वर्षी त्या येऊ शकल्या नाहीत. दोष कोणाचाच नव्हता. वेळापत्रकातील वेळ हीच आपली पोहोचण्याची वेळ, असे धरून चालण्यात चूक झाली.

आमची विनंती

१. पालखी, कौलप्रसाद अथवा अभिषेक असल्यास आदल्या दिवशीच यावे. अग्रशाळेतील खोलीसाठी कार्यालयास आगाऊ कळवावे.

२. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. जत्रेची तिथी निश्चित होताच तिकीट काढावे.

३. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद करण्यात आली. परंतु खालच्या शायिकांसाठी त्यांचा स्वतंत्र कोटा आहे. तिकीट काढताना वय अचूक नोंदवावे.

४. निघण्यापूर्वी १३९ क्रमांकावर गाडीची स्थिती विचारावी. उशीर होत असल्यास कार्यालयास फोन करावा. देवकार्याची वेळ बदलणे आमच्या हाती नसते. परंतु महाप्रसाद राखून ठेवणे व स्थानकावर वाहन धाडण्याची खटपट करणे आम्हांस शक्य असते.

५. रात्री उशिरा पेडण्यास उतरण्याचे टाळावे. त्या वेळी रिक्षा वा पायलट मिळणे कठीण जाते.

स्वस्त गाडी, जलद गाडी व सुखाची गाडी या तिन्ही एकच असतील असे नाही. ज्याच्या हाती दिवस आहे त्याने खुशाल पॅसेंजरने यावे. ज्याच्यापाशी एकच प्रहर आहे त्याने तसे करू नये. सर्व भाविकांचा प्रवास सुखरूप होवो, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना.

आपला नम्र,
चिटणीस, देवस्थान समिती