वलंदेजांचे जायफळ

लोणावळ्याला आमच्या घरी करंजीच्या सारणात जायफळ किसून घालायचे काम माझ्याकडे असते. आई दर वर्षी बजावते, अर्धेच घे. एका दिवाळीत सहज विचारले, हे येते कुठून? ‘वाण्याकडून,’ ती म्हणाली. तेवढ्यावर समाधान झाले नाही, म्हणून हा लेख.

अठराव्या शतकापर्यंत जगाचे जायफळ आणि जायपत्री एकाच ठिकाणाहून येई, ते म्हणजे बांदा बेटे. (सावंतवाडीजवळच्या बांद्याशी त्यांचा संबंध नाही, नावामुळे मीही आधी फसलो.) आजच्या इंडोनेशियात, सेराम बेटाच्या दक्षिणेला, एका ज्वालामुखीच्या आसपास विखुरलेली ही चिमुकली बेटे. राखेची सुपीक माती, दमट हवा आणि वर उंच झाडांची सावली एवढ्यावर जायफळ पोसले जाई. अन्नधान्य मात्र बाहेरून येई आणि कापड हिंदुस्थानातून. मसाल्याच्या मोबदल्यात गुजरातचे आणि चोळमंडळचे कापड चालते, हे वलंदेजांनी लवकर ओळखले. सुरत आणि मच्छलीपट्टणच्या त्यांच्या वखारींमागे हे एक मोठे कारण होते.

त्यांची कंपनी १६०२ची, राजधानी बटाविया १६१९ची. बांदाच्या लोकांनी फक्त आपल्यालाच माल विकावा असा तिचा हट्ट होता. लोक जावा-मलायाच्या व्यापाऱ्यांना आणि इंग्रजांनाही विकत. १६२१ मध्ये गव्हर्नर जनरल यान कून आरमार घेऊन आला. ४४ प्रमुखांची मुंडकी उडवली गेली. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतली जेमतेम हजारभर माणसे तिथे उरली. बाकीची मारली गेली, उपासमारीने मेली, पळाली किंवा गुलाम झाली. मग जमिनीचे तुकडे पाडून ते कंपनीच्या माणसांना दिले आणि राबायला गुलाम आणले. कंपनीच्या या माणसांच्या व्यापारात चोळमंडळचा किनाराही होता. इंग्रजांनी आपला हक्क असलेले रून बेट १६६७च्या ब्रेडा तहात सोडले; त्याच तहाने मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिले. हा किस्सा सगळे सांगतात, कत्तलीचा फारसे कोणी सांगत नाही.

वेंगुर्ल्याची वखार १६३७ची, आदिलशहाच्या परवानगीची. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना रसद पुरवणे हे तिचे मुख्य काम. तिथून बटावियाला बातम्याही जात, आणि शिवाजी महाराजांच्या हालचालींची नोंद दूरच्या त्या बेटावरच्या रोजनिशीत होई. पुढे आज्ञापत्राने टोपीकरांपासून सावध राहायला सांगितले, त्यांत वलंदेज आहेतच.

आम्हा मावळवाल्यांना मात्र १६७७ची आठवण अधिक जवळची. कर्नाटकच्या स्वारीत महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा पायदळात मावळे होते. तिथल्या किनाऱ्यावर वलंदेजांची तेगनापट्टणला वखार होती. महाराजांनी त्यांना व्यापाराचा कौल दिला, पण एक अट घातली. पूर्वीच्या मुसलमानी अमलात माणसांची खरेदी-विक्री चाले, ती आपल्या राज्यात चालणार नाही, कोणी केलीच तर ती रोखली जाईल. कौल एका प्रांतापुरता होता, त्यात बांदाचा उल्लेख नाही, आणि त्याने बेटांवरची गुलामी थांबली नाही. शिवाय वलंदेजांचा व्यापार महाराजांनाही हवा होता. पण म्हणूनच ती अट मला मोठी वाटते. ती सोडून देणे सोयीचे होते.

वलंदेजांनी जायफळाची मक्तेदारी जीव तोडून जपली. तरी अठराव्या शतकात फ्रेंचांनी रोपे मॉरिशसला पळवली, नंतर इंग्रजांनी पिनांग, श्रीलंका असे करत ती जगभर नेली. कंपनी १७९९ मध्ये कर्जात बुडाली.

गेल्या वर्षी वेंगुर्ल्याची वखार पाहायला गेलो. छप्पर गेलेले, भिंतींतून झाडे वाढलेली. परतताना एका नारळ-सुपारीच्या बागेत थांबलो. मालकाने झाडावरचे पिवळे फळ उकलून दाखवले, आत लालभडक जायपत्रीत गुंडाळलेली बी. ‘दापोलीचं कलम आहे,’ तो म्हणाला. चार बिया त्याने खिशात घातल्या. त्यातलीच अर्धी यंदाच्या करंज्यांत गेली आहे.