बॉडी कंपोझिशनच्या नोंदी कशा साठवायच्या? डेटा फॉरमॅट समजून घेताना

बॉडी कंपोझिशन म्हणजे शरीराच्या एकूण वजनात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती आणि हाडं किती, याचा हिशेब. एकेकाळी हे काम प्रयोगशाळेत व्हायचं. आता घरातला ब्लूटूथ काटा ते रोज सकाळी करतो आणि आकडे मोबाइलमधल्या अ‍ॅपला पाठवतो. अडचण सुरू होते ती काटा बिघडल्यावर, अ‍ॅप बंद पडल्यावर किंवा फोन बदलल्यावर. पाच वर्षांच्या जुन्या नोंदी नव्या अ‍ॅपमध्ये घातल्या की आलेखात एके दिवशी चरबी अचानक तीन-चार टक्क्यांनी वाढलेली दिसू शकते. शरीर तेच असतं, चरबीही बहुधा तेवढीच. बदललेलं असतं ते गणिताचं सूत्र. ही उडी खरी की खोटी हे नंतर ओळखता येईल का, हे नोंद कोणत्या साच्यात ठेवली होती यावर ठरतं. या साच्यालाच डेटा फॉरमॅट म्हणतात.

नुसतं वजन का पुरत नाही?

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' असं नाव पडलं. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, हे त्या दोन आकड्यांनी एका नजरेत दाखवलं.

म्हणजे उंची आणि वजन एवढंच लिहून ठेवलं तर जे महत्त्वाचं तेच नोंदीतून निसटतं. चरबीचा आकडाही हवा. पण तो आला कुठून, हेही हवं, आणि बहुतेक अ‍ॅप्स नेमकं तेच गाळतात.

काटा प्रत्यक्षात मोजतो दोनच गोष्टी

घरगुती काट्यावर अनवाणी उभं राहिलं की तो वजन मोजतो आणि तळपायांतून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह सोडून शरीराचा अवरोध मोजतो. या अवरोधाला इम्पीडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये सांगतात. स्नायूंमध्ये पाणी भरपूर असल्याने त्यांतून वीज सहज वाहते, चरबीतून ती सहज वाहत नाही. तंत्राचा सगळा आधार एवढाच.

स्क्रीनवर दिसणारे बाकीचे आकडे, म्हणजे चरबी, स्नायू, हाडं, पाणी, पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी, इतकंच काय 'शरीराचं वय'सुद्धा, गणिताने काढलेले असतात. त्या सूत्रात वजन आणि अवरोध यांच्याबरोबर उंची, वय आणि लिंग घातलं जातं. सूत्र कोणतं, हे बहुतेक कंपन्या उघड करत नाहीत. उंची चुकून दहा सेंटीमीटर जास्त भरली असेल तर काटा कुरकुर न करता रोज चुकीची चरबी दाखवत राहतो. पाणी कमी प्यायलं, नुकताच व्यायाम केला किंवा पोटभर जेवण झालं, तरी अवरोध बदलतो.

सूत्र बदललं की उत्तर बदलतं, हे काही घरगुती काट्यांपुरतं नाही. पाण्याखाली वजन करून शरीराची घनता काढायची आणि तिच्यावरून चरबी ठरवायची, ही जुनी आणि प्रतिष्ठित पद्धत. तिथेही दोन सूत्रं प्रचलित आहेत: १९६१ चं सिरी यांचं आणि १९६३ चं ब्रोझेक व सहकाऱ्यांचं. घनता १.०५ असेल तर पहिलं सूत्र २१.४ टक्के चरबी सांगतं आणि दुसरं २१.०. फरक किरकोळ वाटतो. पण घनता १.०३ धरली की उत्तरं ३०.६ आणि २९.५ येतात. मोजमाप एकच, आणि चरबीत टक्क्याहून जास्त तफावत.

म्हणून चांगल्या साच्याचा पहिला नियम असा: मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा वेगळे ठेवायचे आणि मोजलेला कधीही टाकून द्यायचा नाही. वजन आणि ओहम हाती असतील तर उद्या चांगलं सूत्र आल्यावर पाच वर्षांच्या सगळ्या नोंदी नव्याने काढता येतात. नुसते '२४.३ टक्के' हाती असतील तर मागे जाण्याची वाट बंद. जिममध्ये चिमट्याने त्वचेची घडी मोजतात, तिथेही हेच. घडी किती मिलिमीटर आणि शरीरावर कुठे, ते लिहावं, टक्केवारी त्यानंतर. आणि सूत्रात त्या दिवशी घातलेली उंची, लिंग आणि जन्मवर्षही नोंदीसोबत हवंच.

ब्लूटूथच्या नियमावलीत उलटंच आहे

वेगवेगळ्या कंपन्यांचे काटे आणि फोन एकमेकांशी बोलू शकावेत म्हणून ब्लूटूथ मानकांमध्ये बॉडी कंपोझिशनसाठी खास साचा ठरवलेला आहे. तो बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात हुशारीही दिसते आणि चूकही.

संदेशाच्या सुरुवातीला १६ बिट असतात. त्यांतल्या पहिल्या बिटवरून एककं किलो-मीटर आहेत की पौंड-इंच, हे कळतं. त्यापुढचे बिट म्हणजे हजेरीपट: वेळ पाठवली आहे का, व्यक्तीचा क्रमांक आहे का, स्नायू, पाणी, अवरोध, वजन, उंची यांतलं काय काय सोबत आहे. जे मोजलंच नाही, त्यासाठी जागाच ठेवलेली नसते. त्यामुळे 'स्नायू शून्य' आणि 'स्नायू मोजलेच नाहीत' यांत गोंधळ होत नाही.

दशांश चिन्हाची कटकटही टाळलेली आहे. वजन ०.००५ किलोच्या पटीत पूर्णांकाने जातं, म्हणजे ७० किलो म्हणजे १४०००. चरबी ०.१ टक्क्याच्या पटीत, म्हणजे २४.३ टक्के म्हणजे २४३. मोजणी फसली तर चरबीच्या जागी ६५५३५ हा आकडा येतो, आणि त्याचा अर्थ 'मोजता आलं नाही' असा ठरलेला आहे. एखाद्या घाईत लिहिलेल्या अ‍ॅपने हा अर्थ वाचला नाही, तर वापरणाऱ्याची चरबी ६५५३.५ टक्के!

चूक कुठे? या साच्यात चरबीची टक्केवारी पाठवणं बंधनकारक आहे आणि अवरोध पाठवणं ऐच्छिक. म्हणजे गणिताने काढलेला आकडा सक्तीचा आणि प्रत्यक्ष मोजलेला मर्जीवर. एखाद्या काट्याने ओहम पाठवलेच नाहीत, तर नियमावलीच्या दृष्टीने तो काहीही चुकीचं करत नसतो. काटा विकत घेताना 'ओहम दिसतात का' हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे.

टक्का म्हणजे किती?

एककाशिवाय लिहिलेला आकडा सगळ्यांत लवकर निरर्थक होतो. '१५९' हे पौंड, की सेंटीमीटर? चीनमध्ये वजनासाठी 'जिन' हे एकक अजून वापरात आहे आणि एक जिन म्हणजे अर्धा किलो. तिथल्या बाजारासाठी बनलेल्या काट्यांमध्ये ते सापडतं. चुकून ती सेटिंग लागली तर वजन एका रात्रीत दुप्पट.

टक्केवारीचं तर आणखी गमतीशीर आहे. आयफोनमधल्या हेल्थकिटमध्ये टक्का ० ते १ या अपूर्णांकात साठवला जातो, म्हणजे २४.३ टक्के चरबी तिथे ०.२४३ असते. अँड्रॉइडवरच्या हेल्थ कनेक्टमध्ये तीच चरबी २४.३ अशी असते. एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना कुणी हे बदललं नाही, तर पाव टक्का चरबीचा माणूस तयार होतो. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. किलोचे पौंड आणि पौंडाचे पुन्हा किलो करताना होणारी छोटी घट भरत नाही. ७२.४ किलोचे १५९.६ पौंड होतात आणि परत फिरवले की ७२.३९ किलो. त्यामुळे ज्या एककात मोजलं त्याच एककात साठवावं. बदल फक्त दाखवताना करावा.

सकाळचे साडेसहा, पण कुठले?

तारीख ०३/०४/२०२५ अशी लिहिली तर भारतात ती ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०२५-०४-०३. अशा तारखा फाईलमध्ये आपोआप क्रमानेही लागतात.

वेळेचा प्रश्न जास्त फसवा आहे. सकाळी उपाशीपोटीचं वजन आणि रात्री जेवणानंतरचं वजन यांची तुलना होत नाही, म्हणून स्थानिक वेळ महत्त्वाची. समजा, पुण्यातल्या कुणी १ सप्टेंबरला सकाळी ६:३० ला वजन केलं. जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत, ती वेळ १:०० होते. तेच कुटुंब पुढे न्यू जर्सीला गेलं आणि अ‍ॅपने जुन्या नोंदी तिथल्या घड्याळाने दाखवल्या, तर तीच नोंद ३१ ऑगस्टच्या रात्री ९ ची दिसते. उपाशीपोटीची नोंद जेवणानंतरची झाली. उपाय सोपा आहे: स्थानिक वेळेसोबत '+०५:३०' हा फरकही लिहायचा. हेल्थ कनेक्टमध्ये त्यासाठी वेगळी जागा आहे. ब्लूटूथच्या सात बाइटांच्या वेळेत मात्र ती नाही, तिथे फरक फोननेच जोडावा लागतो.

एक काटा, सगळं घर

घरातल्या एका काट्यावर पाचजण उभे राहतात. वजनाच्या जवळपास जाणाऱ्या माणसाच्या नावावर नोंद टाकायची, असा अंदाज बरेच काटे बांधतात. दोन जावांचं वजन किलोभराच्या फरकात असेल तर नोंदी एकमेकींच्या खात्यात जाणार, हे ठरलेलंच. म्हणून प्रत्येक नोंदीत व्यक्तीचा क्रमांक हवा, आणि ती नोंद नंतर दुसऱ्याच्या नावावर करण्याची सोयही हवी. चुकीची नोंद पुसून टाकण्यापेक्षा तिच्यावर 'चुकून नोंदवली' असा शिक्का मारणं चांगलं. रुग्णालयांच्या डेटासाठीच्या एफएचआयआर मानकातही तसाच शिक्का आहे. दवाखान्याच्या जुन्या वहीत खाडाखोड न करता एक रेघ मारून सही करतात, त्यातलाच हा प्रकार.

आडवी मांडणी की उभी?

बहुतेक लोक एक्सेलमध्ये आडवी मांडणी करतात: एका दिवसाची एक ओळ, आणि वजन, चरबी, स्नायू यांचे स्वतंत्र रकाने. वाचायला ती सोपी पडते. पण उद्या हात-पाय-धड यांचे वेगळे आकडे देणारं मशीन वापरलं की रकाने वाढतात, जुन्या ओळी कोऱ्या राहतात, आणि प्रत्येक आकड्याची पद्धत कुठे लिहायची हा प्रश्न उरतोच. उभ्या मांडणीत एका मोजमापाची एक ओळ असते:

दिनांक, वेळ, फरक, व्यक्ती, काय, किती, एकक, कसं, उपकरण
२०२५-०१-१२, ०६:३०, +०५:३०, १, वजन, ७२.४, किलो, मोजलेलं, काटा-अ
२०२५-०१-१२, ०६:३०, +०५:३०, १, अवरोध, ५१२, ओहम, मोजलेलं, काटा-अ
२०२५-०१-१२, ०६:३०, +०५:३०, १, चरबी, २४.३, टक्के, काट्याचं सूत्र, काटा-अ

ओळी वाढतात, पण नवं मशीन आलं तरी साचा मोडत नाही. पुढच्या वर्षी डेक्सा स्कॅन केला तर 'कसं' या रकान्यात 'डेक्सा' लिहायचं, आणि अ‍ॅपने तो बिंदू आलेखात वेगळ्या रंगाने दाखवायचा. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी उभीच मांडणी घ्यावी. स्वतःपुरती वही ठेवणाऱ्याला आडवीही चालेल, फक्त रकान्याच्या नावातच एकक हवं आणि काटा बदलला की नवा रकाना सुरू करावा.

'चरबी किती किलो' यासाठी वेगळी ओळ नको. ७२.४ किलोचे २४.३ टक्के म्हणजे सुमारे १७.६ किलो, हे केव्हाही काढता येतं. वेगळं साठवलं आणि नंतर वजन दुरुस्त केलं, तर दोन आकडे एकमेकांना खोटं पाडतात.

मराठीत नोंद ठेवणाऱ्यांसाठी एक व्यवहारातली गोष्ट: वर अंक देवनागरीत छापले असले तरी फाईलमध्ये ते इंग्रजी अंकांत लिहावेत. अनेक सॉफ्टवेअर देवनागरी '७' ला आकडा न मानता अक्षर मानतात आणि बेरीज शून्य दाखवतात. रकान्यांची नावं मराठीत असायला हरकत नाही. मात्र सीएसव्ही फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी आणि एक्सेलमध्ये तशीच उघडावी, नाहीतर नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात.

डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं असेल तर

रुग्णालयांच्या संगणकांना 'वजन' या शब्दापेक्षा ठरलेला कोड जास्त भरवशाचा वाटतो. लॉइंक या आंतरराष्ट्रीय यादीत वजनाचा कोड २९४६३-७ आहे आणि शरीरातल्या चरबीच्या टक्केवारीचा ४१९८२-०. एफएचआयआरच्या साच्यात असा कोड, आकडा, एकक, वेळ, पद्धत आणि उपकरण यांना वेगवेगळ्या जागा आहेत. एखादा आकडा का नाही, हे सांगायलाही जागा आहे. भारताच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही हेच मानक स्वीकारलं असून त्यातल्या 'वेलनेस रेकॉर्ड'मध्ये शरीराच्या मोजमापांसाठी स्वतंत्र विभाग आहे. घरच्या फाईलमध्ये कोड लिहायची गरज नाही. रकाने नीट वेगळे असतील तर कोड नंतर जोडता येतात.

नोंद कुणाच्या ताब्यात?

युरोपात जीडीपीआर कायद्याच्या २० व्या कलमाने नागरिकाला आपला डेटा यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागण्याचा हक्क दिला आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपल्या डेटाचा गोषवारा मागण्याचा, तो दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क आहे. तो उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता, कायद्यात आला नाही. त्यामुळे अ‍ॅपमध्ये 'एक्स्पोर्ट' आहे का, आणि त्यातून सीएसव्ही मिळते की नुसती पीडीएफ, हे पैसे भरण्याआधीच पाहावं लागतं. एकदा एक्स्पोर्ट करून फाईल उघडावी. तिच्यात ओहम, एकक आणि वेळेचा फरक नसेल, तर अ‍ॅपमध्ये ते असूनही बाहेर पडताना गळतात, असं समजावं.

फाईल वेगळी ठेवली की तिची काळजीही आपल्याकडे येते. नावाऐवजी क्रमांक आणि पूर्ण जन्मतारखेऐवजी जन्मवर्ष एवढ्याने घरगुती हिशेब भागतो. जिममधल्या मशीनच्या छापील रिपोर्टवर मात्र सहसा नाव किंवा आयडी, वय, उंची, लिंग, तारीख आणि वेळ हे सगळं एका ओळीत वरच्या बाजूला असतं. 'तीन महिन्यांत सहा टक्के चरबी कमी' म्हणून त्याचा फोटो स्टेटसला टाकण्याआधी ती ओळ कापायची राहून जाते.