नेटचं माहेर

राजूरला टेकडीवर गणपतीचं देऊळ आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते आणि अंगारकीला माणसांची रीघ लागते. दर्शन उरकून परतीच्या वाटेला लागावं, दिवस कलायला आलेला असावा, म्हणजे जालन्यापर्यंतच्या रस्त्यावर कुठल्या ना कुठल्या गावात माझी नजर एकच गोष्ट शोधते: मोकळ्या जागेत रोवलेल्या दोन बल्ल्या आणि मध्ये ताणलेलं नेट. नेटचा वरचा दोर सुतळीनं सांधलेला असतो, चुन्याच्या रेघा पायांनी अर्ध्या पुसलेल्या असतात आणि चेंडू इतका मार खाल्लेला असतो, की त्याच्या पट्ट्या सालपटासारख्या सुटायला लागलेल्या. पोरं म्हणतात, ‘हॉलीबॉल’.

हा खेळ आपल्या मातीत इतका मुरला आहे, की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. मी विचारत गेलो आणि थेट एका ख्रिस्ती शाळेच्या दारात पोचलो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे. तिथे वायएमसीए, म्हणजे तरुण ख्रिस्ती पुरुषांची संघटना, आपले शिक्षक घडवण्यासाठी एक शाळा चालवत होती. शरीर, बुद्धी आणि आत्मा हा त्यांचा त्रिकोण होता. शरीर कमावणं हे देवाच्या कामाचाच भाग आहे, अशी तिथली श्रद्धा. 1891 च्या हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि आत कवायतीला कंटाळलेले 18 विद्यार्थी, अशी तिथली स्थिती होती. त्यांना शिकवणारा जेम्स नायस्मिथ हा धर्मशास्त्र शिकून आलेला तरुण. त्यानं पीचच्या दोन टोपल्या गॅलरीला ठोकल्या, 13 नियम लिहून काढले आणि बास्केटबॉल जन्माला आला. चेंडू टोपलीत पडला की तो शिडीवर चढून काढावा लागे.

पण धडधाकट पोरांना मानवणारी ही पळापळ वयस्क माणसांना झेपेना. जवळच्याच होल्योक गावच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन नावाचा शिक्षक होता, वय 25. दिवसभर कामधंदा करून संध्याकाळी व्यायामाला येणाऱ्या गृहस्थांसाठी त्यानं 1895 मध्ये वेगळा खेळ रचला. मध्ये साडेसहा फुटांवर नेट. कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही, चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही. बास्केटबॉल जड पडला, त्याचा नुसता ब्लॅडर फारच हलका, म्हणून स्पॉल्डिंग कंपनीनं खास चामड्याचा चेंडू करून दिला. एका बाजूला किती जणांनी खेळावं याला मॉर्गननं मर्यादाच ठेवली नव्हती. जितके आले तितके.

या खेळाचं पहिलं नाव ‘मिंटोनेट’. बॅडमिंटनवरून घेतलेलं. व्हॉलीबॉल हे नाव पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डला खेळून दाखवताना पडलं. माझा जीव मात्र त्या आधीच्या नावात अडकतो. कारण बॅडमिंटन हे नाव विलायतेतल्या एका हवेलीचं असलं, तरी नेटवरून फूल मारण्याचा तो खेळ 1870 च्या दशकात आपल्या पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी खेळत होते. त्याला ‘पूना’ असंच म्हणत. वारा असला की फुलाऐवजी लोकरीचा गोळा मारत. पुण्याचं नेट असं विलायतेमार्गे अमेरिकेच्या ख्रिस्ती व्यायामशाळेत गेलं आणि उंच होऊन परत आलं.

परत आणणारेही त्याच घरचे. स्प्रिंगफील्डला शिकलेले हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि 1920 मध्ये त्यांनी तिथे वायएमसीएची शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तिथून शिकलेले शिक्षक देशभर पांगले. पी.टी.चा तास, शिट्टी, पटांगणावरच्या चुन्याच्या रेघा, हे सगळं त्यांच्या मागोमाग शाळाशाळांत पोचत गेलं. खर्च काय तर एक चेंडू, एक नेट, दोन खांब. आपल्या गावांनी पुढे त्यात स्वतःची भर घातली. ‘शूटिंग’चा प्रकार रुजला. त्यात तीन हातांत चेंडू खेळवत बसण्यापेक्षा तो सरळ फटका मारून पलीकडे धाडायचा. जत्रेतल्या सामन्यांना कुस्तीसारखी गर्दी होते.

चेंडू चामड्याचा होता, हे मात्र विसरून चालणार नाही. नायस्मिथनं टोपल्या ठोकल्या त्याच 1891 साली श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को या पाद्र्यानं फुटबॉल आणला होता. चामड्याचा विटाळ होतो म्हणून ब्राह्मण मुलांनी त्याला शिवायलाच नकार दिला. जबरदस्तीनं खेळ सुरू झाला आणि चेंडू एकाच्या तोंडावर आदळला. मुलगा रडकुंडीला आला, बाकीचे हादरले. त्याला पाण्यावर नेऊन तोंड धुवून आणलं आणि खेळ पुढे चालू झाला. ती जबरदस्ती मला आवडत नाही. पण विटाळ पाण्यानं धुतला जातो आणि खेळ थांबत नाही, हे त्या पोरांनी त्या दिवशी स्वतःच्या अंगावर पाहिलं.

आपल्या जालन्यात विटाळाची ही गाठ निराळ्या तऱ्हेनं सुटत होती. जन्मानं ब्राह्मण असलेले नारायण शेषाद्री 1843 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी पुढे जालन्यात स्कॉटिश मिशनचं काम उभं केलं आणि गावाजवळ बेथेल वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. तिथे आलेली बरीच माणसं अस्पृश्य मानलेल्या जातींची होती. त्यांची पोरं पाटी घेऊन बसली. एका जागी बसणं आधी आलं, एका चेंडूला सगळ्यांनी हात लावणं त्याच्या मागून.

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरून ठेवता येत नाही. आला की दुसऱ्याला द्यावाच लागतो, मग तो दुसरा कुणाचा का असेना. म्हणून मला हा खेळ फुटबॉलपेक्षा, क्रिकेटपेक्षाही जवळचा वाटतो.

परवा असाच थांबलो होतो. चेंडू रस्त्यापलीकडे कपाशीत गेला. एक पोरगा धावत जाऊन घेऊन आला, पँटला पुसला आणि सर्व्हिस करणाऱ्याकडे फेकला. तेवढ्यात शेतावरून आलेला एक मध्यमवयीन माणूस चपला बाजूला काढून रेघेशी उभा राहिला. दोन्हीकडे आधीच आठ-आठ जण होते.

“काका, इकडून या,” कुणीतरी म्हणालं आणि पोरं थोडी सरकली.