अख्खे फिरणारे शेपूट

मी शिंदखेड्याचा, नोकरी केली ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या मिग कारखान्यात. गावी कुणी विचारले, "इमाननं नाक वर कसं जास, भाऊ?" की मी शेपटाचा इतिहास सांगतो.

जुन्या विमानांत आडवे शेपूट स्थिर असे. मागे बिजागरीवरची फळी, म्हणजे एलिव्हेटर, तेवढी हले. आवाजाच्या वेगाजवळ शेपटावर आघातलहरी उठत आणि ही फळी जवळजवळ निकामी होई. अमेरिकेच्या बेल एक्स-१मध्ये मग अख्खे आडवे शेपूटच कलवता येईल असे केले. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगरने त्याच विमानातून ध्वनिवेग ओलांडला.

मिग-२१ला तर ही फळीच नाही. वैमानिक दांडी ओढतो, हायड्रॉलिक दाबाने शेपटाची पुढची कड खाली कलते, हवा शेपूट खाली दाबते, नाक वर जाते. हवेचा जोर हाताला कळत नाही, म्हणून दांडीला स्प्रिंगचा ताण दिलेला असतो. दांडी किती ओढली तर शेपूट किती फिरावे, हे प्रमाण वेग आणि उंचीनुसार यंत्र बदलते.

ओझरचा कारखाना १९६४चा. मिग-२१ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. ओझरला बनलेल्या सुखोई-३०चे शेपूटही असेच अख्खे फिरते.