वाटाण्याचे रोप आणि दादासाहेब

दादासाहेब फाळक्यांचे नाव निघाले, की आपण थेट ‘राजा हरिश्चंद्रा’पाशी जाऊन थांबतो. मला मात्र त्याआधीच्या एका इवल्याशा पटाचे अधिक कौतुक वाटते. त्यात ना राजा, ना राणी. कुंडीतले एक वाटाण्याचे रोप तेवढे आहे.

साल १९१२. फाळक्यांची चाळिशी उलटून गेलेली. जे. जे.त चित्रकला झाली, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण झाले. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला, तर प्लेगाने पत्नी आणि मूल नेले. १९०३ मध्ये पुराणवस्तू खात्याची सरकारी नोकरी धरली आणि सोडली. मग छापखाना, भागीदारांशी बिनसले, तोही सुटला. आळीतल्या वडीलधाऱ्यांनी अशा माणसाला ‘धरसोड्या’ म्हटले असेल, तर नवल नाही.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि हेच करायचे, असे मनाने घेतले. पण मनाने घेणे निराळे आणि हाताला जमणे निराळे! विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, कॅमेरा घेऊन परतले. आणि मग एकदम हरिश्चंद्राला हात न घालता कुंडीत वाटाणे पेरले. रोज थोडे थोडे चित्रण, असे महिनाभर. पडद्यावर बी रुजले, कोंब वर आला, बघता बघता रोप डोलू लागले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून हा खटाटोप, असे सांगतात. मला वाटते, त्यांना स्वतःचीही खात्री करून घ्यायची असावी. कारण पुढे घरचे दागिनेही गहाण पडायचे होते. सरस्वतीबाई तर रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडीत. पसाभर वाटाण्यांवर अख्खा संसार लागला होता म्हणा ना!

तारामतीच्या कामाला बाई मिळेना. ग्रँट रोडच्या एका खाणावळीतला अण्णा साळुंके नावाचा पोरगेला आचारी त्यांनी हेरला. नाजूक हात पाहून त्याला लुगडे नेसवले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये मुंबईकरांनी तारामती म्हणून पाहिला तो हाच. ‘लंकादहना’त (१९१७) तर राम तोच आणि सीताही तोच! पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. भाताच्या तपेल्यापाशी बसून हे त्याला कसे कळले असते?

दादासाहेबांची गंमत अजून पुढेच आहे. नाशिकच्या कंपनीत मतभेद झाले, तेव्हा सिनेमाला रामराम ठोकून ते काशीला गेले आणि ‘रंगभूमी’ नाटक लिहून बसले. नाटक रंगमंचावर आले, पण चालले नाही. १९२२ मध्ये स्वारी पुन्हा नाशकात, कॅमेऱ्यामागे उभी!